दुमजली घर ‘झोपडी’ कसं ठरतं?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी परवा पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “ताई, जरा वाचून सांगा. पोराला विचारलं तर नुसतं ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो.” झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणाची सूचना होती. वर मावशींचं नाव, नावापुढे ‘झोपडीधारक’ आणि खाली ‘झोपडी क्रमांक’. मावशींचं पिठाचं बोट नेमकं त्या शब्दावर येऊन थांबलं. “आमचं घर झोपडी आहे?”

मी त्यांच्या घरी जाऊन आले आहे. विटांच्या भिंती, वर स्लॅब, बाहेरून चढणारा लोखंडी जिना, खाली शहाबादी फरशी, वरच्या खोलीत मुलाचं बिऱ्हाड. दाराशेजारी निळ्या रंगात स्टेन्सिलने उठवलेला नंबर. गवताची एक काडी त्या घरात सापडणार नाही, केरसुणी सोडली तर. आणि सरकारी कागद म्हणतो, झोपडी.

पुण्यात एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, हे नाव आठवड्यातून एकदा तरी पेपरात असतंच. बातमी वाचून सोसायटीच्या कट्ट्यावर ठरलेली वाक्यं येतात: “कसली झोपडपट्टी, एकेकाकडे एसी आहेत!” मावशींचा प्रश्न आणि कट्ट्यावरचं हे वाक्य खरं तर एकच आहे. दोघांच्याही डोळ्यांपुढे झोपडी म्हटलं की गवत आणि कूड येतो. हा शब्द गवतापासून स्लॅबपर्यंत कसा पोचला, ते नीट पाहायला हवं.

आधी खरीखुरी झोपडी

शेतावरची जुनी झोपडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे अवयव तोंडपाठ असतात. दोन टोकांना मेढी रोवायच्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला जाड खांब. दोन बेचक्यांत आडवं टाकलेलं लाकूड ते आढं. आढ्यावरून दोन्हीकडे उतरणारे ते वासे. भिंतीच्या जागी कूड: तुरीच्या किंवा कपाशीच्या काटक्या, कारवी, जे हाताशी असेल ते विणून उभं करायचं आणि आतूनबाहेरून शेणमातीने लिंपायचं. वर गवत किंवा उसाचं पाचट. पावसाळ्याच्या तोंडावर जुनं गवत काढून नवं घालायचं, त्याला शाकारणं म्हणतात. शाकारायचं राहिलं तर छपरातून चांदणं दिसतं. अशा घराला मराठीने ‘चंद्रमौळी’ म्हटलं. शंकराचं नाव गळक्या छपराला द्यायला विनोदबुद्धी लागते, आणि ती बहुधा आत राहणाऱ्याचीच असणार.

पुण्यातून दौंड-बारामतीकडे गाडी काढलीत तर ऊसतोडीच्या हंगामात हे सगळं आजही दिसतं. तोडणीला आलेली जोडपी फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात ‘कोपी’ घालतात. मागे एकदा रस्त्याकडेला चहाला थांबलो होतो, तेव्हा समोर एक कोपी उभी राहताना पाहिली. नवरा पहारीने खड्डे घेत होता, बायको बांबू धरून उभी. बांबूंची टोकं वर एकत्र बांधली, अंगावर चटई गुंडाळली, वर पाचट, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, आणि कागद उडू नये म्हणून सुतळीला लटकवलेले दगड. आमचा दुसरा चहा संपेपर्यंत बाईंनी आत चूल मांडली होती. दार इतकं बुटकं की लहान मूल सोडलं तर सगळ्यांनाच वाकून जावं लागावं.

ही कोपी म्हणजेच खोपी. खोप, खोपी, खोपट आणि सुगरणीचा खोपा हे सगळं एकाच घराण्यातलं. खोपट नपुंसकलिंगी, त्यामुळे त्यात थोडा तुच्छतेचा वास येतो. मराठीत लिंग बदललं की आकार आणि मान दोन्ही बदलतात: गाडा-गाडी, सुरा-सुरी, तसंच झोपडा-झोपडी. मोठा तो झोपडा, लहान ती झोपडी, आणि दया किंवा तिरस्कार दाखवायचा तर झोपडं.

झोपायची जागा म्हणून झोपडी?

हे उत्तर सगळ्यांना आवडतं, मलाही शाळेत आवडायचं. झोपडी म्हणजे जिथे झोपायचं ती. पण शेजारच्या भाषांकडे पाहिलं की गडबड कळते. हिंदीत झोंपड़ी आहे, गुजरातीत झूंपडी आहे. पण हिंदीवाला झोपत नाही, तो सोतो. गुजराती सूए छे. झोपेचा ‘झोप’ त्यांच्याकडे नाही, झोपडी मात्र आहे. म्हणजे झोपडी हा शब्द मराठी ‘झोप’वरून निघालेला नाही, तो आपल्या सगळ्यांच्या सामाईक आजीकडून आलेला आहे.

ती आजी म्हणजे अपभ्रंश. संस्कृत-प्राकृत आणि आजच्या मराठी-गुजराती-हिंदी यांच्या मधला टप्पा. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषांचं व्याकरण लिहिलं आणि अपभ्रंशाचे नियम दाखवायला लोकांच्या तोंडचे वाटावेत असे दोहे उदाहरणाला घेतले. त्यातल्या एकात एक बाई म्हणते: माझा नवरा गोठ्यावर उभा असताना झोपड्या जळतीलच कशा? एकतर तो शत्रूच्या रक्ताने विझवील, नाहीतर स्वतःच्या. तिथे शब्द आहे ‘झुंपडा’. मराठी झोपडा, हिंदी झोंपड़ा आणि गुजराती झूंपडुं तिघांचे चेहरे त्यात ओळखू येतात. शेवटचा ‘डा’ हा अपभ्रंशाचा लाडका प्रत्यय. आपण जिवाला ‘जिवडा’ आणि मुखाला ‘मुखडा’ म्हणतो, त्याच जातीचा.

त्याच्याही मागे गेलं की वाट बुजते. संस्कृतात झोपडीसाठी कुटी, कुटीर, पर्णशाला असे शब्द आहेत, पण ‘झुंप’ला साजेसं काही सापडत नाही. ज्या शब्दांचं संस्कृत मूळ दाखवता येत नाही त्यांना जुने वैयाकरण ‘देशी’ म्हणत. ‘झ’ने सुरू होणारे पुष्कळ शब्द असेच देशी आहेत. पोथ्या लिहिणाऱ्यांकडून आलेला हा शब्द नव्हे, झोपडीत राहणाऱ्यांकडूनच तो आला असावा.

बरं, संस्कृत ‘कुटी’ तरी किती संस्कृत? तमिळमध्ये झोपडीला कुडिसै, कन्नडमध्ये गुडिसलु. हे साम्य पाहून ‘कुटी’ द्राविडी भाषांतून संस्कृतात आली असावी असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. कन्नडमध्ये ‘गुडि’ म्हणजे देऊळ. आणि मराठीत ‘कुडी’ म्हणजे शरीर, जीव सोडून जातो ते.

वर चढलेले शब्द: वाडा आणि बंगला

आता पुणेकरांना थोडं टोचेल असं सांगते.

‘वाडा’ म्हटलं की आपल्याला चौक, दिंडी दरवाजा, लाकडी खांब आणि १७३० साली पाया घातलेला शनिवारवाडा आठवतो. शब्दाचं मूळ मात्र संस्कृत ‘वाट’, म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. ते मूळ कुठे गेलेलं नाही. कोकणात गुरांच्या गोठ्याला आजही वाडा म्हणतात. धनगर शेतात मेंढरं बसवतो, भोवती जाळी ओढतो, शेजारी आपलं बिऱ्हाड टाकतो, त्यालाही वाडाच म्हणतात. म्हणजे पेशव्यांचा वाडा आणि मेंढरांचा वाडा हे दोन वेगळे शब्द नाहीत. एकच शब्द, फक्त आत कोण राहतं ते बदललं. धाकटी बहीण ‘वाडी’ मात्र लहानच राहिली. आज शहरात ती कुठे खंडीभर फ्लॅट घेऊन उभी आहे, कुठे पत्रे.

दुसरा शब्द ‘बंगला’. प्रभात रोडवर किंवा कॅम्पात बंगला असणं म्हणजे काय, हे पुण्यात समजावून सांगायला नको. बंगला म्हणजे मुळात ‘बंगाली पद्धतीचं’ घर, आणि ते घर म्हणजे बंगालच्या शेतकऱ्याची गवताची झोपडी. तिकडे पाऊस फार, म्हणून बांबू वाकवून छपराला कमानीसारखा बाक द्यायचा, पाणी पटकन खाली. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी हुगळीकाठी अशी घरं स्वतःसाठी उभारली आणि नाव तेच ठेवलं. मुघलांनी तर तो छपराचा बाक संगमरवरात उतरवला. लाहोरच्या किल्ल्यातला शाहजहानचा नौलखा मंडप बघा. पुढे इंग्रजांच्या छावण्या जिथे जिथे गेल्या तिथे बंगला गेला. १८१७ची खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, पुण्याच्या पूर्वेला कॅम्प वसला आणि साहेबाच्या व्हरांड्यासह बंगला आपल्या दारात आला. तिथून इंग्लंडात जाऊन तिकडच्या समुद्रकाठी एकमजली घराचं नाव झाला.

तेव्हा पुण्यातली प्रतिष्ठेची दोन घरं, एक वाडा आणि एक बंगला. पहिल्याच्या मुळाशी गुरांचं कुंपण, दुसऱ्याच्या मुळाशी गवताची झोपडी. भिंती बदलल्या म्हणून शब्द वर गेला असं म्हणावं, तर मावशींच्या भिंतीही बदलल्या. त्यांचा शब्द का नाही हलला?

सैन्याने हात लावलेल्या शब्दांचं नेहमीच बरं चालतं असं दिसतं. ‘बराक’ हा शब्द स्पॅनिश-इटालियनमधल्या झोपडीच्या नावावरून आलेला आहे. आणि १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटल्यावर ज्यांची घरं गेली त्यातल्या काहींना अर्धगोल पत्र्याच्या ‘निसन हट’मध्ये ठेवलं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, निसन नावाच्या लष्करी अभियंत्याने ती शोधून काढली. ‘हट’ म्हणजे झोपडीच की. पण त्या पिढीतले लोक “आम्ही निसन हटमध्ये होतो” असं सांगतात. “झोपडीत होतो” असं सांगणारं मला कोणी भेटलं नाही.

खाली गेलेला शब्द: स्लम

आपल्या कायद्यांतला इंग्रजी शब्द ‘स्लम’. हा मूळचा लंडनच्या गुन्हेगारांच्या चोरभाषेतला. १८१२च्या सुमाराला त्याचा अर्थ नुसता ‘खोली’ असा नोंदलेला आहे. मग ‘मागची खोली’, मग मागची गल्ली, मग गरिबांची गल्ली. १८५०मध्ये कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल वाइजमन यांनी वेस्टमिन्स्टर ॲबेच्या सावलीतल्या बोळांचं वर्णन करताना हा शब्द वापरला, वर्तमानपत्रांनी उचलला आणि तो सभ्य झाला. सभ्य म्हणजे शब्द सभ्य झाला. ज्यांच्याविषयी होता ते उलट जास्तच असभ्य ठरले.

सरकारी मराठीने ‘स्लम’चं भाषांतर केलं ‘गलिच्छ वस्ती’. जुन्या फायलींत आणि फलकांवर ‘गलिच्छ वस्ती सुधार’ अजूनही आढळतं. माणूस राहतो त्या जागेचं नावच गलिच्छ ठेवायचं आणि मग ती सुधारायला निघायचं, याला काय म्हणावं! त्यामानाने ‘झोपडपट्टी’ बरा. झोपड्यांची पट्टी, म्हणजे रेल्वेच्या कडेने, नाल्याच्या, कालव्याच्या, टेकडीच्या उताराच्या कडेने धावणारी रांग. निदान तो दिसतं तेवढंच सांगतो. याच ‘पट्टी’चा दुसरा अर्थ कर, जसा घरपट्टी-पाणीपट्टीत आहे. गंमत अशी की झोपडपट्टीत घरपट्टीऐवजी बहुतेक वेळा ‘सेवाशुल्क’ आकारलं जातं. पट्टी नावात, पावतीवर नाही.

जगात इतरत्रही अशा वस्त्यांची नावं डोळ्यांना दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीवरूनच पडली आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत ‘बिदोंविल’: बिदों म्हणजे पत्र्याचा डबा, डब्यांचं गाव. तुर्कस्तानात ‘गेजेकोंदू’, म्हणजे रात्रीत उभं केलेलं; एका रात्रीत छप्पर चढलं तर सरकार ते सहज पाडू शकत नाही, अशी तिकडे समजूत होती. ब्राझीलची ‘फाव्हेला’ तर एका झुडपाचं नाव. १८९७मध्ये कनुदोसच्या लढाईवरून परतलेले सैनिक सरकार घर देईल म्हणून रिओतल्या एका टेकडीवर वाट पाहत बसले. लढाईच्या मुलखात फाव्हेलाच्या झुडपांची एक टेकडी होती, तिचं नाव त्यांनी या टेकडीला दिलं. वाट पाहून पाहून झोपड्या पक्क्या झाल्या आणि नाव देशभर गेलं.

आपल्याकडे अशा वस्त्यांत राहणारे लोक स्वतः यातला कुठलाच शब्द वापरत नाहीत. मावशी “वस्तीत राहते” म्हणतात. कमानीवरची नावं पाहा: अमुक नगर, तमुक वसाहत. पर्वतीच्या पायथ्याची ती जनता वसाहत, काशेवाडी ती वाडी, लोहियानगर ते नगर. झोपडपट्टी हा नेहमी बाहेरच्याने उच्चारायचा शब्द.

कायदा भिंत पाहतच नाही

आता मुद्द्यावर येऊ. महाराष्ट्रात यासाठीचा मुख्य कायदा १९७१चा आहे: झोपडपट्टी क्षेत्रांची सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास यांचा. त्याच्या कलम ४ खाली एखादा भाग ‘झोपडपट्टी’ म्हणून घोषित होतो. ‘घोषित झोपडपट्टी’ आणि ‘अघोषित झोपडपट्टी’ हे बातम्यांतले शब्द इथून आले.

कलम काय विचारतं ते सोप्या शब्दांत असं: या भागात मूलभूत सोयी नाहीत किंवा अपुऱ्या आहेत का? अस्वच्छता, दाटी यांमुळे तिथल्या किंवा आसपासच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला, सोयीला धोका आहे का? राहत्या इमारती मोडकळीस आल्यामुळे, दाटीमुळे, वेड्यावाकड्या रचनेमुळे, उजेड-वारा-सांडपाण्याची सोय नसल्यामुळे माणसांनी राहायला अयोग्य आहेत का?

गवत, पत्रा, वीट, स्लॅब यांचा प्रश्नच नाही. किती मजले हेही नाही. पाहायचा असतो तो अख्खा ‘भाग’. एकदा भाग झोपडपट्टी ठरला की त्यातलं प्रत्येक घर कागदावर झोपडी होतं, मग ते दुमजली असो की आत इटालियन टाइल्स असोत. आणि उलट, दौंडकडची ती पाचटाची कोपी, जी खरोखर शब्दशः झोपडी आहे, ती या अर्थाने झोपडपट्टीत मोडत नाही.

रेल्वेच्या डब्यासारखं समजा. डबा स्लीपरचा असेल तर तुम्ही घरून रेशमी उशी आणली तरी तिकीट स्लीपरचंच.

जनगणनेची फूटपट्टीही अशीच. २०११च्या जनगणनेत, सरकारने घोषित केलेली किंवा मान्य केलेली नसली तरी, किमान ३०० लोकसंख्येची किंवा साधारण ६० ते ७० कुटुंबांची, दाटीवाटीने आणि निकृष्ट बांधलेल्या घरांची, पाणी आणि स्वच्छतेची नीट सोय नसलेली सलग वस्ती झोपडपट्टीत धरली. संयुक्त राष्ट्रांची व्याख्या तर घरागणिक जाते: पाणी, शौचालय, टिकाऊ बांधकाम, पुरेशी जागा म्हणजे एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि कोणी उठवणार नाही याची खात्री. या पाचांतलं एक नसलं तरी ते घर स्लम. ‘एका खोलीत तीन’ हे वाचून मी आमच्या सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या आठवल्या. आजी धरून आम्ही सात जण होतो, शौचालय चौकात. अशा वाड्याची भिंत कलली की महापालिका ‘धोकादायक वाडा’ अशी नोटीस चिकटवते. १९७१चं कलम ओळ न ओळ लागू पडेल, पण पेठेतल्या वाड्याला झोपडपट्टी म्हणायची कुणाची छाती झालेली नाही. मुळात गुरांचं कुंपण का असेना, शब्द एकदा चढला की उतरत नाही.

“पण एसी आहे ना त्यांच्याकडे!”

एसी ही विकत घेता येणारी वस्तू आहे. ड्रेनेजची लाइन, रुंद रस्ता आणि जमिनीचा सातबारा या गोष्टी हप्त्यावर मिळत नाहीत. मावशींच्या मुलाने हप्त्याने फ्रिज घेतला, मावशींनी भिशीतून फरशी केली. पण सकाळी सार्वजनिक शौचालयासमोर रांग आहेच, आणि गल्ली इतकी चिंचोळी की सासूबाई आजारी पडल्या तेव्हा स्ट्रेचर वळलं नाही, खुर्चीत बसवून आणावं लागलं. एका कुटुंबाच्या पैशाने सुटतं ते त्यांनी सोडवलं आहे. राहिलं आहे ते एकट्याच्या पैशाने सुटणारं नाही. झोपडी हा शब्द कागदावर त्या राहिलेल्या भागाचं नाव आहे.

एक आक्षेप मात्र खरा: वस्तीत चार-चार खोल्या भाड्याने देऊन बसलेलेही असतात. आहेत. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळा शब्द आहे आणि त्याची कथा मजेदार आहे. पेपरात ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ असं वाचता तो १९८१चा, धोकादायक कृत्यांना आळा घालण्याचा कायदा. त्याच्या नावात ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ शेजारी शेजारी बसलेत. दादा म्हटलं की डोळ्यांपुढे चाकूवाला येतो. पण तो इंग्रजी ‘स्लमलॉर्ड’चा अनुवाद आहे, आणि कायद्याच्या मते तो म्हणजे बेकायदा जागा बळकावून, तिथे बांधकाम करून भाडं खाणारा. चाकूची गरज नाही, पावतीपुस्तक पुरतं. मराठी भाषांतराने घरमालकाचा गुंड केला, आणि वस्तीतल्या प्रत्येक तरुणाला ते विशेषण फुकट मिळालं.

“नाव बदललं की नळाला पाणी येतं का?”

हाही प्रश्न रास्त आहे. ‘गलिच्छ वस्ती’ची ‘झोपडपट्टी’ केली म्हणून गटार वाहायला लागलं असं घडत नाही. पण शब्द निरुपद्रवी असते तर राज्य सरकारने २०२० साली जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला नसता. पत्त्यात काय लिहिलंय यावर नोकरीच्या मुलाखतीत, कर्ज मागताना, स्थळ पाहताना काय होतं ते वस्तीतल्या कुणालाही विचारा. मावशींच्या मुलीने कॉलेजच्या फॉर्मवर वस्तीचं नाव गाळून नुसता जवळच्या रस्त्याचा पत्ता लिहिला होता.

आणि तरीही ‘झोपडी’ हा शब्द कागदावरून पुसला जाऊ नये म्हणून लोक जिवाचं रान करतात. कारण पुनर्वसनाचं घर त्या शब्दाला मिळतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी एसआरए २००५मध्ये स्थापन झालं. योजना थोडक्यात अशी: विकसकाने झोपडीधारकांना इमारतीत घर बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात मिळालेलं जादा बांधकाम बाजारात विकायचं. घर मिळतं ते ‘पात्र’ झोपडीधारकाला. १ जानेवारी २०००च्या आधीची झोपडी असेल तर विनामूल्य. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११पर्यंतची असेल तर पैसे भरून. तारीख सिद्ध करायला जुनी मतदार यादी, जुनं वीजबिल, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं फोटो लावलेलं सरकारी ओळखपत्र.

म्हणजे जो शब्द लेकीने फॉर्मवरून गाळला, त्याच शब्दाचा पुरावा आईने ट्रंकेत प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवला आहे. मावशींनी दुसऱ्या दिवशी तो आणून दाखवला: कडा झिजलेला फोटोपास, त्यात तरुण मावशी, कपाळावर मोठं कुंकू, शेजारी मिसरूड फुटलेले काका. तेव्हाची झोपडी खरंच झोपडी होती. पत्रा आणि पोती. वीट त्यांनी एकेका दिवाळीला लावली.

तर मावशींना काय सांगितलं

सांगितलं की हो, कागदावर तुमचं घर झोपडी आहे, आणि सध्या ते तसं असलेलंच बरं. नावातल्या एका अक्षराची चूक होती, ती दुरुस्त करायला अर्ज लिहून दिला.

“मग इमारत होईपर्यंत आम्ही कुठे?”

कागदाच्या शेवटी तेही होतं: ‘संक्रमण शिबिर’. बांधकाम चालू असताना तात्पुरती दिली जाणारी घरं, नाहीतर भाडं. शिबिर हा पुन्हा जुना संस्कृत शब्द, राजाच्या फौजेचा तळ. राहुट्या आणि तंबू. हे मी उत्साहाने सांगून टाकलं आणि जीभ चावली.

मावशींनी कागदाच्या चार घड्या घातल्या. “म्हणजे दोन मजल्यांवरून उतरून तंबूत,” म्हणाल्या आणि कणीक मळायला घेतली.